भाषा कोणती, आणि दुरुस्ती कोणाकडे?

अनेकांनी मिळून लिहायच्या आज्ञावलीत ज्याला जी संगणकभाषा येते तीत त्यानं लिहावं, हे ऐकायला उदार वाटतं. लिनक्सनं मात्र तीस वर्षं उलट नियम पाळला. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं सुरू केलेल्या या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, 'सी' भाषेत लिहायचा. अगदी थोडा भाग असेंब्लीत. १९९२ मध्ये सी प्लस प्लस वापरून पाहिली आणि सोडून दिली. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा असतो.

हा नियम आम्हाला पटतो, कारण ठेच लागलेली आहे. आमच्या फोरट्रानमधल्या आज्ञावलीला एका विद्यार्थ्यानं पर्लमधला तुकडा जोडला. छान चालायचा. विद्यार्थी शिकून गेला, तुकडा बिघडला, आणि तो वाचू शकणारं कोणी उरलं नव्हतं. आम्ही सगळा पुन्हा लिहिला.

पण नियमाची किंमतही आहे. सी भाषेत स्मृतीचा हिशेब लिहिणाऱ्यानंच ठेवायचा. ग्रंथालयाला परत केलेलं पुस्तक दुसऱ्याकडे गेलं तरी आपण त्यात खुणा करत राहावं, तशी चूक सी मध्ये सहज होते आणि कंपायलर बहुधा गप्प राहतो. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशा चुकांमुळे होतात, असं मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं. रस्ट भाषेचा कंपायलर अशा बहुतेक चुका आधीच अडवतो. म्हणून डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ आवृत्तीत रस्टला दार उघडलं.

भांडण पेटलं ते २०२५ च्या सुरुवातीला. सी मधला एक विभाग सांभाळणाऱ्या जुन्या जाणकारानं, दोन भाषांची सरमिसळ झाली तर प्रकल्प सांभाळणं अशक्य होईल म्हणून, त्या विभागाशी जोडणारा रस्टचा भाग अडवला. टोरवाल्ड्सचा निर्णय असा: रस्ट शिकायची सक्ती कोणावर नाही; पण आपला सी मधला भाग रस्टवाल्यांनी वापरू नये, असंही कोणी म्हणायचं नाही. जाणकाराची काळजी आम्हाला खरी वाटते, अडवणूक नाही. तो भाग वेगळ्या जागी होता, त्याच्या ओळींना हातही लावत नव्हता.

तरी निर्णय अपुरा आहे. सी चा भाग बदलला की त्यावर टेकलेला रस्टचा भाग मोडतो, आणि तो रस्टवाल्यांनीच जोडायचा. ही माणसं मोजकी. त्यांच्या प्रमुखांपैकी एक जण तांत्रिक नसलेल्या वादांना कंटाळून २०२४ मध्येच बाजूला झाला. म्हणून रस्टमधला नवा भाग स्वीकारताना तो दुरुस्त करू शकणाऱ्या निदान दोघांची नावं मागावीत. एका नावावर आम्ही विसंबलो होतो.