पांढऱ्या अस्वलाचा धडा

चिंचवडमधील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला होता. सातवीच्या मुलामुलींनी ध्रुवीय अस्वलाचा मोठा तक्ता केला होता. चित्र सुरेख, अक्षर वळणदार. पांढरा रंग शत्रूपासून संरक्षणासाठी, पोकळ केस सूर्यप्रकाश त्वचेपर्यंत नेण्यासाठी, चरबी थंडीसाठी, मिटणाऱ्या नाकपुड्या पोहण्यासाठी. अवयव आणि उपयोग यांच्या जोड्याच जुळवल्या होत्या म्हणा ना! आम्ही विचारले, "या अस्वलाचा शत्रू कोण?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एकीने चाचरत सांगितले, "सर, वाघ."

उत्तर हसण्यासारखे असले तरी दोष तिचा नाही. एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांच्या अनुकूलनाचा एक धडा अनेक वर्षे होता. पांढऱ्या रंगामुळे ध्रुवीय अस्वलाचे भक्षकांपासून रक्षण होते, असे त्यात म्हटलेले होते. प्रौढ ध्रुवीय अस्वलाला माणूस सोडला तर भक्षक नाही. पिल्लांना धोका असतो, पण तो बहुधा स्वजातीच्या नरांकडून. 2022 च्या पाठ्यक्रम कपातीत तो धडा गेला; मात्र त्यावरून तयार झालेले तक्ते आणि मार्गदर्शके यांना कपात लागू होत नाही.

सूर्यप्रकाश वाहून नेणाऱ्या केसांची कथा पुस्तकातली नव्हे, पण फार लोकप्रिय. तिचा उगम खऱ्या संशोधनात आहे. 1974 मध्ये लाविन आणि ओरिट्सलँड यांनी अतिनील प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांत हे पांढरे अस्वल चक्क काळे दिसले. म्हणजे अतिनील किरण परावर्तित होत नाहीत. मग जातात कुठे? 1980 मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी कल्पना मांडली की, पोकळ केस प्रकाशतंतूंसारखे काम करून ते किरण काळ्या त्वचेपर्यंत पोहोचवत असावेत. कल्पना देखणी होती, त्यामुळे भराभर पसरली. 1998 मध्ये डॅनियल कून या भौतिकशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष केस घेऊन मोजमाप केले. दोन-अडीच सेंटीमीटर केसातून अतिनील प्रकाश जवळजवळ काहीच पार होत नव्हता. केसातले केराटिनच तो शोषून घेत होते. खरे तर प्रयोगशाळेत जाण्याआधीही एक साधा प्रश्न विचारता आला असता. उत्तर ध्रुवाजवळच्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवतच नाही. उबेची गरज सर्वाधिक असते तेव्हाच बंद पडणारी ही व्यवस्था काय कामाची? हा प्रश्न सातवीतले मूलही विचारू शकते. ते विचारत नाही, कारण तक्त्यावर लिहिलेले तपासायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तपासायला आर्क्टिकला जायला नको. आपल्याकडचे अस्वल मेळघाटात, ताडोबात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आहे. वयस्कर शिक्षकांनी ते दरवेश्याबरोबर गावात आलेले पाहिले असेल. त्याच्या केसाचा ताईतही कुणाच्या गळ्यात पडला असेल. विदर्भाच्या उन्हात राहणाऱ्या या प्राण्याचे केस काळे, लांब आणि झिपरे असतात. 'लांब केस म्हणजे थंडीचा प्रदेश' हा नियम इथेच कोसळतो. आणि नाकपुड्या? आपले अस्वलही त्या मिटू शकते. त्याला खोल पाण्यात बुडी मारायची नसते. वारुळातली वाळवी तोंडाने ओढून घेताना माती आणि किडे नाकात जाऊ नयेत म्हणून ते नाक मिटते. एकच गुण आणि दोन ठिकाणी दोन कामे! तक्त्यावर मात्र 'पोहण्यासाठी' लिहिले की पूर्ण गुण.

केसांमधला खरा फरक लांबीत नाही. ध्रुवीय अस्वलाच्या लांब केसांखाली दाट, आखूड लवीचा दुसरा थर असतो. आपल्या अस्वलाला तो जवळजवळ नसतोच. या लवीत हवा अडकून राहते आणि उष्णतेला अडवते ती ही स्थिर हवा. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या मुलांना हे वेगळे शिकवण्याची गरज पडू नये. कुणाचे वडील भट्टीवर काम करतात. तिच्याभोवती सिरॅमिक वूल असते. कुणाचे शीतगृहात असतात. त्याच्या भिंतींत पफ भरलेला असतो. एक आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, दुसरा बाहेरची आत येऊ देत नाही. लोकर 'ऊब देते' हा समज इथे आपोआप दूर व्हावा.

त्या जुन्या धड्यातले सर्वांत चांगले विधान याच्याशीच निगडित होते: हे अस्वल इतके उष्णतारोधित असते की, अंग तापू नये म्हणून त्याला सावकाश चालावे आणि वरचेवर थांबावे लागते. म्हणजे अनुकूलनाची किंमतही मोजावी लागते. दुर्दैवाने ते वाक्य आम्हाला एकाही तक्त्यावर आढळलेले नाही.

चरबीचेही तसेच. पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट सहज वाहते. केस भिजले, हवा निघून गेली की पोहताना चरबीचाच आधार. चरबी कमी असलेली पिल्ले म्हणूनच थंड पाण्यात फार वेळ टिकत नाहीत. पण चरबी ही शिदोरीही आहे. हडसन उपसागराकाठच्या गाभण माद्या आठ महिन्यांपर्यंत अन्नाविना राहतात. सीलच्या चरबीवर जगणे हेही सोपे नव्हे. 2014 मध्ये ध्रुवीय आणि तपकिरी अस्वलांच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा सर्वाधिक बदललेल्या जनुकांत रक्तातून चरबी वाहून नेण्याशी संबंधित एपीओबी हे जनुक ठळकपणे दिसले. अंगावर चरबी बाळगण्याइतकेच ती पचवणे महत्त्वाचे आहे. तक्त्यावर त्याला जागा नाही.

त्या मुलांना आम्ही तिथेच एक प्रयोग सुचवला. स्टीलचे दोन सारखे पेले, सारखे गरम पाणी, सारख्या झाकण्या. एकाला कोरड्या लोकरी मफलरचा तुकडा गुंडाळायचा, दुसऱ्याला तेवढाच पण ओला. दर पाच मिनिटांनी तापमापीवर तापमान वाचायचे. मात्र दोन्हींवरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. नाहीतर ओल्या लोकरीतले पाणी बाष्प होऊन वेगळेच थंड करील आणि फरक हवा नसल्यामुळे पडला की बाष्पीभवनामुळे, ते कळणार नाही.