‘मंगल परिणय’ आणि ‘चि. सौ. कां.’

पानशेतच्या धरणाकाठच्या एका वस्तीतून लग्नाची पत्रिका आली. वर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘मंगल परिणय’. वराच्या नावाआधी ‘चि.’, वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’. निमंत्रक चुलते. मजुरी करून मुलीला शिकवणाऱ्या विधवा आईचे नाव त्यांच्याखाली, ‘श्रीमती’ म्हणून. लग्नाला मी गेलो, जेवलो. पण त्या पत्रिकेने मला स्वस्थ बसू दिले नाही.

‘परिणय’ म्हणजे भोवती नेणे. कोणाला? वधूला. कशाभोवती? अग्नीभोवती. बौद्ध विवाहात होम नाही, सप्तपदी नाही. त्रिशरण, पंचशील आणि परस्परांना दिलेली प्रतिज्ञा आहे. मग हा शब्द कशाला, असा आक्षेप काही मित्र घेतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो बरोबर आहे. पण शब्दाचा अर्थ धातूत जेवढा असतो, त्याहून अधिक वापरात असतो. 1956 च्या धर्मांतरानंतर आमच्या वस्त्यांत ‘मंगल परिणय’ रूढ झाला, तो भटजीविना, मुहूर्ताविना लागणाऱ्या लग्नाचे नाव म्हणून. त्या शब्दातला अग्नी आपल्या माणसांनी वापरूनच विझवला.

‘मंगल’चेही तसेच. सम्राट अशोकाने नवव्या शिलालेखात आजारपणात, आवाह-विवाहात, पुत्रजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना केल्या जाणाऱ्या मंगलविधींना अल्पफल ठरवले. दास-सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, यांना त्याने धम्ममंगल म्हटले. जुन्या शब्दात नवा अर्थ भरण्याची ही रीत आपलीच आहे.

‘सौ. कां.’ला मात्र ही सवलत देता येत नाही. सौभाग्यकांक्षिणी म्हणजे नवरा जिवंत राहावा अशी आकांक्षा धरणारी. हा अर्थ मेलेला नाही; त्याच पत्रिकेत तो काम करतो आहे. नवरा गेला म्हणून आईचे ‘सौ.’ गेले, आणि पोटच्या मुलीच्या लग्नाचे निमंत्रण देण्याचा मानही गेला. बायको वारली म्हणून कोणा पुरुषाचे ‘श्री.’ कधी पुसले गेले आहे काय?

जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने 1873 साली भटजीविना लग्न लावले. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते. तो वारसा सांगणाऱ्यांनी छापखान्यातला तयार नमुना निमूट उचलावा, ही आपली वैचारिक ढिलाई आहे. दोष त्या घराचा नाही. व्यासपीठावरून व्युत्पत्ती सांगणाऱ्या आम्हा शिकलेल्यांचा आहे.

‘आयुष्मती’ हा शब्द आपल्याजवळ आहे. ‘सौभाग्य’ नवऱ्याचे आयुष्य मागते. ‘आयुष्मती’ तिचे स्वतःचे. तो मुलीला लावता येतो, तसाच तिच्या विधवा आईलाही. पुढच्या पत्रिकेत ‘परिणय’ राहिला तरी चालेल. पण मायलेकी दोघीही आयुष्मती असाव्यात, आणि निमंत्रक म्हणून पहिले नाव आईचे असावे.