छडी घेऊन चंद्रावर

जादूगाराला अंतराळात पाठवायचं तर दोन अडचणी समोर येतात: तिथे हवा नाही आणि अंतर अफाट आहे. हॅरी पॉटरच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांमध्ये या दोन्ही अडचणी बहुधा पहिल्याच पानावर सुटतात. डोक्याभोवती हवेचा फुगा उभा करणारा मंत्र मूळ पुस्तकांतच आहे. ‘गॉब्लेट ऑफ फायर’मध्ये सेड्रिक आणि फ्लर तळ्यात उतरतात ते त्याच्याच जोरावर. अंतरासाठी पोर्टकी आहे, हात लावताच माणसाला दूर नेऊन टाकणारी वस्तू. सामानासाठी हर्मायनीची मण्यांची पिशवी आहे, तिच्यात अख्खा तंबू मावतो. एवढं हाताशी असल्यावर लेखक जादूगाराला सरळ दुसऱ्याच विश्वात नेऊन सोडतात, ‘स्टार ट्रेक’च्या, ‘स्टार वॉर्स’च्या किंवा ‘स्टारगेट’च्या. अशा मिश्रणाला चाहते ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात.

खरं तर चाहत्यांच्या या लेखनाचा आधुनिक अवतार अंतराळयानातच वाढला. १९६७ साली निघालेलं ‘स्पॉकेनेलिया’ हे ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेलं चाहत्यांचं पहिलं नियतकालिक मानलं जातं. २०१९ मध्ये अशा कथांच्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. म्हणजे या लेखनाला आता प्रतिष्ठा आहे, वाचक आहेत, अर्धशतकाहून मोठी परंपरा आहे. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षाही तशाच ठेवायला हव्यात.

त्या अपेक्षांना बहुसंख्य क्रॉसओव्हर उतरत नाहीत. त्यांतलं अंतराळ म्हणजे फक्त जरा मोठं रणांगण. नायक छडी फिरवतो, शत्रूची यानं कोसळतात, सेनापती थक्क होतात. मूळ पुस्तकांनी हातात दिलेलं नाट्यही हे लेखक वाया घालवतात. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या परिसरात वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारी उपकरणं निकामी होतात, कारण तिथल्या हवेत जादू फार दाट आहे, असं हर्मायनी स्पष्ट सांगते. मग ज्या यानात माणसांचा श्वाससुद्धा संगणकावर अवलंबून आहे, तिथे जादूगाराचं पाऊल पडणं म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. तो मंत्र उच्चारेल की गप्प बसेल, एवढ्या एका पेचावर अख्खी कथा उभी राहील. तो पेच मांडण्याचे कष्ट फार थोडे लेखक घेतात.

हिशेब करणारे चाहते मला जास्त आवडतात. अंतराळात उंची ही खरी अडचण नाहीच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर जेवढं लांब साधारण तेवढंच. अडचण आहे वेगाची. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतं. पोर्टकीने तिथे पोचलेल्या जादूगाराकडे जमिनीवरचाच वेग शिल्लक राहिला, तर स्थानकाची भिंत त्याच्यावर आदळेल; स्थानक चुकलंच तर तो सरळ खाली कोसळेल. मग पोर्टकी माणसाला वेगही देते का? देत असेल तर तो येतो कुठून? शिधापाण्याचाही असाच प्रश्न. मूळ पुस्तकांतल्या गँपच्या नियमानुसार शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही, असलेलं वाढवता मात्र येतं. म्हणजे मंगळाच्या वाटेवर शेवटची भाकरी जपून ठेवावी लागेल. जिथे लेखक अशा नियमांना बांधून घेतो, तिथे कथेत आपोआप ताण येतो.

हिशेबी लेखकांच्या या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर मी योहानेस केप्लरचं नाव घेईन. ‘सोम्नियम’ हे त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ मध्ये प्रसिद्ध झालं. मूळ मसुदा १६०८ च्या सुमाराचा. त्यात आइसलँडमधला एक मुलगा आहे, त्याची आई जडीबुटी आणि मंत्रतंत्र जाणणारी आहे, आणि ती एका भुताला आवाहन करते. ग्रहणाच्या वेळी पडणाऱ्या सावलीतून ही भुतं माणसाला चार तासांत चंद्रावर नेतात. प्रवासाचं साधन निखळ जादूचं, पण बाकी सगळीकडे केप्लर शास्त्रज्ञच राहतो. उड्डाणाचा झटका सोसवा म्हणून प्रवाशाला गुंगीचं औषध देतात, विरळ हवेत नाकाशी ओले स्पंज धरतात, आणि चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं वर्णन गणिताला धरून येतं. या कल्पनेची झळ त्याच्या घरापर्यंत पोचली. त्याची आई काथारिना हिच्यावर चेटकीण असल्याचा आरोप झाला, चौदा महिने ती कैदेत राहिली, आणि १६२१ मध्ये सुटली. आपल्या हस्तलिखितामुळेच संशयाला खतपाणी मिळालं, असं केप्लरला वाटत राहिलं.

नंतरच्या काळात जादूला अंतराळात नियम लावण्याचे चांगले प्रयत्न झाले ते बरेचसे चाहत्यांच्या वर्तुळाबाहेर. १९८९ च्या ‘स्पेलजॅमर’ या खेळात जहाज चालवणाऱ्या जादूगाराची मंत्रशक्तीच त्या कामात खर्च होते. टॅम्सिन म्यूर यांच्या ‘गिडियन द नाइंथ’पासून (२०१९) सुरू झालेल्या मालिकेत मृत्यूच्या ऊर्जेवर जगणारे मांत्रिक पोकळीत दुबळे होतात, कारण जिथे काही जगलंच नाही तिथे काही मेलेलंही नाही. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. जादू माणसाची की मातीची, हा प्रश्न तिने थेट विचारला.

चाहत्यांच्या लेखनात या तोलामोलाचं एक उदाहरण आहे: एलिएझर युडकौस्की यांची ‘हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी’ (२०१० ते २०१५, १२२ प्रकरणं). हिच्यात कुणी प्रत्यक्ष अंतराळात जात नाही. पण काळोखात तरंगणारी निळी पृथ्वी मनात आणून हॅरी पॅट्रोनस, म्हणजे मंत्राने घडवलेला रक्षक, उभा करतो, आणि व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचा तुकडा दडवलेला असतो पायोनियर ११ यानावरच्या फलकात. हे यान १९७३ मध्ये निघालं आणि सूर्यमालेबाहेर चाललं आहे. ते परत आणणं कुणालाही शक्य नाही. एका खऱ्या यानामुळे खलनायकाचं अमरत्व एवढं पटण्याजोगं होतं.

तरीही एक मोठं दालन अजून जवळपास कोरं आहे. मूळ पुस्तकांत आकाशं दोन आहेत. एक खगोलशास्त्र शिकवणाऱ्या प्रोफेसर सिनिस्त्राचं, मोजमापाचं; ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’मध्ये गुरूच्या चंद्रांवरच्या निबंधात आयोवरच्या ज्वालामुखींचा उल्लेख येतो. ते ज्वालामुखी जगाला कळले १९७९ मध्ये, व्हॉयेजर १ मुळे. म्हणजे बिनजादूच्या माणसांचं संशोधन हॉगवर्ट्सच्या वर्गात पोचलं होतं! कसं पोचलं, यावर कथा हवी. दुसरं आकाश फिरेन्झे या सेंटॉरचं, म्हणजे अर्ध्या माणसाचं आणि अर्ध्या घोड्याचं, ज्यात मंगळ तेजाळला की युद्ध जवळ आलं. पत्रिकेतला मंगळ पाहणारा आणि २०१४ साली मंगळयान कक्षेत पोचल्यावर टाळ्या वाजवणारा मराठी वाचक या दोन्ही आकाशांना पुरेपूर ओळखतो.

ती दोन आकाशं एकाच कथेत समोरासमोर आणायची तर फिरेन्झेला मंगळावर उभं करावं लागेल. युद्धाचा ग्रह तिथे पायाखाली आहे. पृथ्वी सूर्याच्या आसपासच घुटमळणारा एक तारा झाली आहे, आणि तिचं फळ सांगणारी एकही ओळ त्याच्या पूर्वजांनी लिहून ठेवलेली नाही. फोबॉस हा चंद्र पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो, तोही दिवसातून दोनदा. सोबत ल्यूपिनसारखा पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस असेल, तर त्याने कुठल्या चंद्राला भ्यायचं? फिरेन्झेला तिथे पुन्हा पहिल्या रात्रीपासून नोंदी ठेवायला बसावं लागेल, आणि त्या नोंदींसाठी सिनिस्त्राची दुर्बीण त्याला लागेलच.