०.१७ टक्के, पण कोणत्या कुत्र्याचे?

समजा, नेरमधल्या कुणाच्या चार किलोच्या पॉमेरेनियनच्या दातांवर कीटण चढलंय, हिरड्यांतून रक्त येतंय. नीट साफ करायचं तर भूल हवी. जाग्या कुत्र्याला धरून हिरडीखालची घाण निघत नाही. मालक विचारतो, "धोका किती?" तुम्ही काय सांगाल?

डेव्हिड ब्रॉडबेल्ट व सहकाऱ्यांचा २००८ चा ब्रिटिश अभ्यास हाताशी असतो: ०.१७ टक्के मृत्यू. ११७ दवाखाने, ९८,०३६ कुत्री. अभ्यास दांडगा आहे, मृत्यू मोजण्याची मुदतही स्पष्ट: ४८ तास.

तरी ही सरासरी मालकाच्या कामाची नाही. निरोगी कुत्र्यांत धोका ०.०५ टक्के, आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के, म्हणजे सव्वीस पटींहून जास्त. त्यातही पाच किलोखालच्या कुत्र्यांना धोका अधिक आढळला. आणि हे आकडे २००२ ते २००४ मधल्या ब्रिटिश दवाखान्यांचे. तिथली माणसं, तिथली यंत्रं. ते यवतमाळ जिल्ह्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

मग पेपर बाजूला ठेवायचा का? नाही. त्यातली दुसरी नोंद वाचा: कुत्र्यांचे जवळपास निम्मे मृत्यू प्रक्रिया संपल्यानंतरचे, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन तासांतले. भूल उतरेपर्यंत जवळ माणूस बसवणं, श्वास पाहणं, अंग उबदार ठेवणं छोट्या दवाखान्यालाही जमतं.

म्हणून पेपर वाचताना गोषवाऱ्यातल्या टक्केवारीवर थांबू नका. धोका कुणाला आणि कधी, हे आधी शोधा.