‘बरा झाला’ आणि ‘बदलली’ : अवयवप्रत्यारोपणाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

भारतातील पहिले मूत्रपिंडप्रत्यारोपण मे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाले. मूत्रपिंड मृत दात्याचे होते. व्ही. एन. आचार्य यांनी १९९४ साली भारतातील मूत्रपिंडप्रत्यारोपणाचा जो आढावा घेतला, त्यात या घटनेचा उल्लेख आहे आणि त्यातील एक तपशील विचार करण्याजोगा आहे. तो रुग्ण मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे प्रत्यारोपणास आलेला नव्हता. त्याला त्या काळी ‘हायपरनेफ्रोमा’ म्हणत तो मूत्रपिंडाचा कर्करोग झाला होता. म्हणजे ज्याला आधी कर्करोग होऊन गेला आहे अशा माणसाला दुसऱ्याचा अवयव द्यावा काय, आणि दिल्यास पुढे त्याच्यावर लक्ष कसे ठेवावे, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्याच शस्त्रक्रियेबरोबर जन्मास आला. त्याविषयी मराठीत जे बोलले व लिहिले जाते, त्यातील काही शब्दांची परीक्षा करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘हायपरनेफ्रोमा’ हा शब्दच पाहावा. त्याचा व्युत्पत्त्यर्थ ‘मूत्रपिंडाच्या वरची गाठ’ असा होतो. ही गाठ मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या अवशेषांतून उद्भवते, असे मत ग्रावित्झ याने १८८३ साली मांडले होते. ते मत पुढे टाकले गेले. त्यावर आधारलेले नाव मात्र दीर्घकाळ टिकले. परिभाषेतील चूक शास्त्रातील चुकीपेक्षा दीर्घायुषी असते, हे यावरून ध्यानात यावे.

मराठीतील अशा चुकांपैकी पहिली ‘कर्करोग बरा झाला’ या वाक्यात आहे. ‘बरा झाला’ हे क्रियापद क्रियेची समाप्ती दर्शविते. त्यापुढे काही उरत नाही. तापाच्या बाबतीत हे योग्य असेल. परंतु मूत्रपिंडाचा किंवा स्तनाचा कर्करोग दहा वर्षांनंतरही पुन्हा उद्भवल्याची उदाहरणे वैद्यकास परिचित आहेत. प्रत्यारोपणानंतर तर शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी जाणूनबुजून दडपावी लागते, आणि विकृत पेशींना ओळखून नष्ट करण्याचे कामही काही अंशी तीच शक्ती करीत असते. म्हणून अशा रुग्णाविषयी ‘अमुक साली उपचार संपले, तेव्हापासून रोग आढळलेला नाही’ असेच म्हणावयास हवे. हे वाक्य लांब आहे; पण त्यात तारीख आहे आणि ते पुढचा काळ मोकळा ठेवते. विशेष म्हणजे ‘दुखणे उलटणे’ हा नेमका शब्दप्रयोग मराठीत पूर्वापार आहे. तो टाकून ‘पुनरावृत्ती’ हा पुस्तकाच्या आवृत्तीची आठवण देणारा शब्द वापरण्यात काय साधले, हे सांगणे कठीण आहे.

दुसरी चूक आकड्यांच्या वाचनातील आहे आणि ती केवळ मराठीपुरती नाही. इझ्राएल पेन यांनी अमेरिकेत अशा रुग्णांची नोंदवही दीर्घकाळ चालविली. त्यांनी १९९७ साली दिलेल्या तपशिलानुसार प्रत्यारोपणापूर्वीच्या कर्करोगांपैकी सुमारे एकपंचमांश उलटले. उलटलेल्यांपैकी ५४ टक्के प्रत्यारोपणापूर्वी दोन वर्षांच्या आत, ३३ टक्के दोन ते पाच वर्षांपूर्वी आणि १३ टक्के त्याहून आधी उपचार झालेले होते. या तीन आकड्यांची बेरीज १०० होते, यातच त्यांचा अर्थ आहे. हे उलटलेल्या रोगांचे वाटप आहे. ‘दोन वर्षांच्या आत प्रत्यारोपण केल्यास ५४ टक्के धोका’ असा त्याचा अर्थ होत नाही. शंभरांपैकी वीस जणांचे दुखणे उलटले असे धरले, तर त्यांतील ५४ टक्के म्हणजे सुमारे अकरा जण. पण दोन वर्षांच्या आत उपचार झालेले एकूण किती, हे कळल्यावाचून धोका काढता येत नाही. ‘पैकी’ हे एक शब्दयोगी अव्यय गाळले की डायलिसिसवर दिवस काढणाऱ्या माणसाला अकारण थांबविले जाण्याचा संभव आहे, आणि थांबण्यातही मृत्यूचा धोका असतोच. सर्वांना एकच मुदत लावण्याची पद्धत आता मागे पडत आहे. २०२० च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार मूत्रपिंडाच्या योगायोगाने आढळलेल्या, तीन सेंटिमीटरहून लहान कर्करोगावर योग्य उपचार झाले असतील, तर थांबण्याची गरज नसते. इतर कर्करोगांत प्रकार व टप्पा पाहून मुदत ठरते.

तिसरा शब्द बोलण्यातला आहे : ‘किडनी बदलली’. वस्तुतः बहुधा काहीच बदललेले नसते. नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूस बसवितात आणि जुनी दोन्ही सामान्यतः जागीच राहतात. त्या जुन्या मूत्रपिंडांतही कर्करोग होऊ शकतो. ‘बदलली’ म्हणणाऱ्याच्या मनात जुना अवयव उरतच नाही; मग त्याची सोनोग्राफी कशासाठी, असे त्याला वाटल्यास दोष त्याचा नव्हे. ‘एक किडनी जास्तीची बसविली’ हे वाक्य ओबडधोबड आहे, पण खरे आहे.

राहिला प्रश्न लक्ष ठेवण्याचा. ‘देखरेख’ वरिष्ठाने करावयाची, ‘पाळत’ संशयितावर ठेवावयाची, आणि ‘पाठपुरावा’ कचेरीत अडकलेल्या अर्जाचा करावयाचा. तिन्ही शब्दांत कर्ता कोण, हे रुग्णाला कळत नाही. ‘तपासणी’ या शब्दाची अडचण निराळी आहे. लक्षणे नसलेल्या सर्वांची चाळणी, पूर्वी कर्करोग झालेल्याची ठरावीक काळाने होणारी पाहणी, आणि गाठ लागल्यावर होणारे निदान, या तीन भिन्न गोष्टी त्या एकाच शब्दात कोंबल्या जातात. शस्त्रक्रिया मुंबईस किंवा नाशिकला होते. परंतु नांदगावसारख्या तालुक्याच्या गावी परतलेल्या माणसाला प्रथम पाहतो तो गावातला डॉक्टर. तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्याच्या तोंडातील न भरणारा व्रण किंवा मानेतील गाठ दिसण्याचा प्रसंग त्याच्यापुढेच येतो. त्याच्या हाती पडणाऱ्या कागदावर ‘नियमित तपासणी करावी’ एवढेच असेल, तर त्या वाक्यातून काहीही करता येत नाही.

आपल्या भाषेत ‘पथ्य’ हा शब्द आहे. पथ्य वैद्य सांगतो, पाळतो मात्र रुग्ण, आणि ते किती दिवसांचे हे विचारण्याचा त्याला अधिकार असतो. कर्ता, कर्म आणि काळ या तिन्हींची सोय त्यात आहे. शब्द तोच घ्यावा असा आग्रह नाही. कसोटी मात्र तीच असावी. कोणता कर्करोग, उपचार केव्हा संपले, आता काय पाहावयाचे, किती महिन्यांनी, कोणी, आणि काही आढळल्यास कोणास कळवावयाचे, हे ज्या मराठी वाक्यांतून कळेल, ती वाक्ये शुद्ध. मग त्यांत ‘किडनी’ असो वा ‘वृक्क’.