आर-स्क्वेअर ०.९९ आला, पण उपकरण अचूक आहे का?

स्वस्तातला व्हिस्कोमीटर बनवल्याचे पेपर वाचायला मला आवडतात. छोटी मोटर, आर्डुइनो, थ्रीडी प्रिंटरवर काढलेले भाग, की श्यानता मोजायचं उपकरण तयार. बांधणीचा भाग बहुधा मनापासून लिहिलेला असतो. घोटाळा होतो तो अचूकतेच्या परिच्छेदात. एक आलेख, आडव्या अक्षावर महागड्या यंत्राची रीडिंग, उभ्यावर आपली, मधून सरळ रेघ, आर-स्क्वेअर ०.९९. झालं, उपकरण अचूक!

समजा, तुमचं उपकरण प्रत्येक द्रवाची श्यानता २० टक्के जास्त दाखवतंय. आर-स्क्वेअर तरीही १ येऊ शकतो. दोन्ही आकडे एका रेषेत वाढतात एवढंच तो सांगतो. ते आकडे जुळतात का, हे नाही. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आणि दोन पद्धतींमधल्या फरकाचा आलेख काढायला सांगितलं. वैद्यकवाल्यांनी ते उचललं. या पेपरांत अजून रेघच चालते.

त्यात नमुने पाण्यापासून (२० अंशांना साधारण १ मिलिपास्कल-सेकंद) शुद्ध ग्लिसरीनपर्यंत (सुमारे १४००) घेतले, की ती रेघ जवळपास एकटं ग्लिसरीनच ठरवतं. ५ मिलिपास्कल-सेकंदांची चूक तिथे दिसतही नाही. पाण्यात तीच चूक ५०० टक्के होते. ‘फुल स्केलच्या ±१ टक्का’ हे वाक्यही असंच फसवं. १००० च्या रेंजवर ते ±१० होतं, म्हणजे ५० च्या रीडिंगवर २० टक्के. आणि हे महागड्या यंत्रालाही लागू आहे बरं का! म्हणून ते यंत्र आधी प्रमाणित तेलावर तपासलं होतं का, हे पेपरात शोधा.

तापमानाबद्दल बहुतेक वेळा ‘खोलीचं तापमान’ एवढंच सापडतं. कुठली खोली, मे महिन्यातली की जानेवारीतली? ग्लिसरीन २० वरून २५ अंशांवर गेलं की श्यानता साधारण एक तृतीयांशाने उतरते. शिवाय ते हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली ‘शुद्ध’ कसली?

स्वस्त असण्याला माझा आक्षेप नाही. उबेलोडची काचनळी मोटरीशिवाय चालते, आणि तशाच लांब केशनळ्यांवर राष्ट्रीय मापनसंस्था पाण्यापासून सुरू होणारी श्यानतेची मापनश्रेणी उभी करतात. फक्त तिथे नळी बुडवलेल्या टाकीचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळलेलं असतं.