येरवड्याच्या दोन वाटा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक माउली माझ्या कार्यालयात येऊन बसली. तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आदल्या रात्री पोलिसांनी स्टेशनच्या पुलाखाली पकडले होते. खिशात ब्राऊन शुगरची एक पुडी सापडली होती. तिला माझ्याकडून चारित्र्याचा दाखला हवा होता. 'फादर, तो वेदीसेवक होता एवढे तरी लिहा,' ती म्हणाली. मी दाखला लिहून दिला आणि तिच्याबरोबर वकिलांकडेही गेलो. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, 'माल किती ग्रॅम?' मुलगा हे व्यसन केव्हापासून करतो, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. खरे सांगायचे तर तो मलाही सुचला नव्हता. 'गुन्हा कबूल करून दंड भरून टाकू, प्रकरण लवकर मिटेल,' असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला व्यवहाराचा होता. पण मिटणार होते ते प्रकरण, व्यसन नव्हे.

त्या रात्री मी कपाटातून अनिल अवचटांचे 'गर्द' काढले. दुसऱ्या दिवशी एका परिचिताकडून अमली पदार्थविरोधी कायद्याची प्रत मागवली आणि दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली. एक ललित लेखकाचे, दुसरे संसदेचे. परंतु दोन्ही एकाच काळात जन्मलेली आणि दोन्हींचा नायक एकच, खिशात पुडी बाळगणारा तरुण. साहित्याच्या नियतकालिकात कायद्याची समीक्षा कशाला, असे वाचकांना वाटेल. माझे उत्तर असे की, आपल्या मुलांच्या आयुष्यावर कादंबऱ्यांपेक्षा कायद्याच्या गद्याचा परिणाम अधिक होतो, आणि ते गद्य आपण कधीच वाचत नाही.

हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. बालदिनाचा मुहूर्त कोणी मुद्दाम साधला नसावा. अफू व इतर घातक द्रव्यांविषयीचे इंग्रजी अमदानीतील जुने कायदे मोडीत काढून तो केला गेला. त्या काळी मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांतून गर्दचा धूर निघत होता. सरकार घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाची भाषा कठोर होते. मूळ कायद्यात हेरॉइनची 'अल्प मात्रा' अवघी पाव ग्रॅम ठरवली गेली होती. त्याहून अधिक मिळाले तर आरोपी मोठा तस्कर आहे की स्वतः व्यसनी, ह्याचा विचार न करता किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. मात्रेच्या पायऱ्या आल्या त्या २००१ मधील दुरुस्तीने. हेरॉइनची अल्प मात्रा पाच ग्रॅम झाली, तर अडीचशे ग्रॅमपासून व्यापारी मात्रा धरली जाऊ लागली. म्हणजे दरम्यानची सोळा वर्षे ग्रॅमभर गर्द बाळगणारा पोरगा आणि पोत्याने माल आणणारा तस्कर कायद्याच्या लेखी एकाच पंगतीत बसले होते.

तरीही ह्याच कायद्यात एक कलम आहे, ज्यापाशी मी थबकलो. कलम ३९. अमली पदार्थाच्या सेवनाबद्दल किंवा अल्प मात्रेबद्दल दोषी ठरलेला आरोपी व्यसनाधीन असेल, तर त्याचे वय, चारित्र्य, पूर्वेतिहास आणि शारीरिक वा मानसिक अवस्था लक्षात घेऊन न्यायालय त्याला लगेच कैदेत न पाठवता, त्याच्या संमतीने, शासकीय अथवा शासनमान्य केंद्रात उपचारासाठी सोडू शकते. त्याने बंधपत्र लिहून द्यायचे, वर्षभराच्या आत उपचाराचा अहवाल आणायचा. अहवाल समाधानकारक असेल, तर समज देऊन जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर मुक्तता. यादीतला पहिला शब्द 'वय' आहे, हे मला विशेष वाटले. ज्या कुणी हा मसुदा लिहिला, त्याच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी एखादा तरुण असलाच पाहिजे.

पण भाषेच्या विद्यार्थ्याने क्रियापदाकडे पाहावे. न्यायालय 'सोडील' असे कलम म्हणत नाही, 'सोडू शकेल' असे म्हणते. शिक्षेची कलमे आज्ञार्थाच्या ठाम सुरात बोलतात, तर दयेचे कलम शक्यतेच्या दबक्या सुरात. जे शक्यतेवर सोडले ते आठवण करून दिल्याखेरीज घडत नाही, आणि आठवण करून देणारा वकील गरिबाला क्वचितच मिळतो. १९८९ मध्ये कायद्यात कलम ६४-अ आले. अशा गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने उपचाराला गेला तर त्याच्यावरील खटल्यापासून त्याला संरक्षण. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येते. गंमत अशी, की ह्याच दुरुस्तीने काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठी सक्तीची फाशीही आणली. पुढे २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती अमान्य केली आणि २०१४ मध्ये संसदेने ती काढून टाकली. पण त्याच २०१४ च्या दुरुस्तीने अल्प मात्रेसाठीची कमाल कैद सहा महिन्यांवरून एक वर्ष केली. एका हाताने द्यायचे, दुसऱ्या हाताने घ्यायचे, असा हा ग्रंथ आहे. त्याच्या लेखकाचे मन एक नाही.

आता दुसरे पुस्तक. अवचटांची पद्धत मराठी वाचकाला परिचित आहे. माणसासमोर बसायचे, त्याला बोलू द्यायचे, आपले मत शक्यतो मागे ठेवायचे, वाक्ये लहान ठेवायची. 'गर्द'मध्ये ही पद्धत एका वेगळ्याच कामी आली. ह्या पुस्तकाआधी आपल्याकडे व्यसनी माणसासाठी एकच शब्द होता, 'गर्दुल्ला'. मी तेव्हा शाळेत होतो. आम्ही पोरे तो शब्द शिवीसारखा वापरत असू. फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ. मराठीत आपण दाट सावलीलाही गर्द म्हणतो. धूळ आणि दाटी, दोन्ही अर्थ त्या पुडीत होते. अवचटांनी शब्द तोच ठेवला, मात्र त्यामागचा माणूस समोर बसवला. पुस्तक वाचून संपते तेव्हा 'गर्दुल्ला' हा शब्द तोंडात अडखळतो. एवढे एका छोट्या पुस्तकाने साधले, ही मी मोठी वाङ्मयीन कामगिरी मानतो.

आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांच्या साहाय्याने, 'मुक्तांगण' सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट तिथल्या मनोविकारतज्ज्ञ. ज्या येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्याच येरवड्यात. शिक्षेची आणि उपचाराची वाट एकाच उपनगरातून निघते, हे मला दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली तेव्हाच जाणवले.

'मुक्तांगणची गोष्ट' हे पुढचे पुस्तक. त्याविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती अवचटांविषयीच्या आदराला बाधा न आणता सांगतो. ते वाचून वाचकाचा असा समज होतो की सुनंदाबाईंसारखी माया पुरेशी आहे. ती माया दुर्मीळ होती; १९९७ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. संस्था टिकली ती मायेच्या जोडीला पस्तीस दिवसांची शिस्त होती म्हणून, नंतरचा पाठपुरावा होता म्हणून, आणि बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले म्हणून. हे सारे पुस्तकात नाही असे नव्हे, परंतु ऊब इतकी आहे की यंत्रणा झाकोळते. ज्याला दुसरे मुक्तांगण उभारायचे आहे त्याला ऊब उसनी मिळत नाही, त्याला यंत्रणाच लागते. आपल्या समाजातही हे काम झाले आहे. फादर जो परेरा ह्यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला 'कृपा'ची सुरुवात केली आणि योगाभ्यासाची जोड देऊन ती देशभर नेली. मात्र त्यावर एकही टिकाऊ मराठी पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही. आपले लेखक जत्रांची आणि जुन्या विहिरींची वर्णने सुरेख करतात. पण हा विषय त्यांनी टाळला.

इथे मला माझ्याच पोथीकडे वळले पाहिजे. सेमिनरीत आम्हांला शिकवले गेले की पापनिवेदन खरे ठरण्यासाठी पुन्हा ते पाप न करण्याचा दृढ निश्चय हवा. शिकवण योग्यच आहे. पण तिचा वापर कसा झाला, ह्याचे एक उदाहरण चीनमधले आहे. मार्क जी टियानशियांग हे एक वैद्य होते. पोटाच्या दुखण्यावर अफू घेता घेता तिच्या आहारी गेले. पुन्हा पुन्हा येऊन तेच पाप सांगणाऱ्या ह्या माणसाचा निश्चय खरा नाही असे धर्मगुरूंनी ठरवले, आणि सुमारे तीस वर्षे त्यांना ख्रिस्तप्रसाद मिळाला नाही. ते मात्र चर्चला येत राहिले. १९०० मध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी कुटुंबीयांसह त्यांना मारण्यात आले. आपल्या माणसांपैकी कोणी एकाकी मरू नये म्हणून आपल्याला शेवटी मारा, अशी विनंती त्यांनी केल्याचे सांगतात. १ ऑक्टोबर २००० रोजी दुसऱ्या जॉन पॉल ह्यांनी चीनच्या इतर हुतात्म्यांबरोबर त्यांना संत घोषित केले. अफू सुटल्याचा दाखला कोणी मागितला नाही.

त्या धर्मगुरूला दोष देणे सोपे आहे. पण कलम ३९ चा अहवाल आणि त्याचे पापनिवेदन ह्यांत मला एकच चूक दिसते. दोघेही व्यसनाला एका निर्णयाची बाब समजतात. आज निश्चय, वर्षभरात प्रमाणपत्र. वास्तविक हा आजार उलटणारा आहे. उपचारातून बाहेर पडलेला तरुण एकदा, दोनदा, तीनदा घसरतो, आणि तरीही बरा होण्याच्या वाटेवर असतो. हे कोणत्याही केंद्रातील जुना कार्यकर्ता सांगेल. कायदा मात्र पहिल्या घसरणीलाच बंधपत्राचा भंग म्हणू शकतो. १९९२ च्या आपल्या धर्मशिक्षण ग्रंथात अमली पदार्थांचे सेवन गंभीर अपराध आहे असे स्पष्ट म्हटले आहे, त्यांची चोरटी निर्मिती व व्यापार ह्यांचा तर कठोर निषेध आहे. पण सवय आणि आसक्ती ह्यांमुळे माणसाचे उत्तरदायित्व कमी होऊ शकते, कधी उरतही नाही, हेही त्याच ग्रंथात आहे. आणि शिक्षेने शक्य तितके अपराध्याच्या सुधारणेस हातभार लावावा, हेही. आम्ही पहिले कलम वेदीवरून वाचतो, उरलेली दोन कपाटात ठेवतो. धर्मगुरू झालो त्याच वर्षी मी गर्दुल्ल्यांविरुद्ध एक तडाखेबंद प्रवचन दिले होते. लोकांनी वाखाणले. त्या रविवारी मागच्या बाकावर कोणाची आई बसली होती, हे मला आज माहीत नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला मी मुद्दामच इथे आणलेला नाही. त्या बापाला पोलीस ठाण्यात जावे लागले नव्हते.

आता उलट बाजू. 'पुनर्वसन' ह्या शब्दाने मी भारावून गेलो आहे असे कोणी समजू नये. काही ठिकाणी केंद्राच्या नावाखाली मुलांना कोंडून ठेवतात, मारतात, आणि आईबाप त्यासाठी महिन्याला पैसे मोजतात. अशा एका जागी मी गेलो आहे. खिडक्यांना गज होते आणि तिथल्या मुलांनी माझ्याशी नजर मिळवली नाही. तो तुरुंगच, फक्त न्यायाधीश नसलेला. कलम ३९ मधील 'संमतीने' आणि 'शासनमान्य' हे दोन शब्द म्हणूनच मला मोलाचे वाटतात. दुसरे असे, की दोन पुड्या विकून तिसरी स्वतःसाठी मिळवणारा मुलगा रुग्णही आहे आणि दुसऱ्याच्या मुलाचा नाश करणाराही. त्याच्या बाबतीत माझ्याजवळ तयार उत्तर नाही. तुरुंगात मात्र तो बरा होत नाही, हे निश्चित; तिथे त्याला पुडीचा घाऊक व्यापारी भेटतो.

ज्यांनी आपल्या वसईत किल्ला आणि चर्चे बांधली, त्या पोर्तुगालने २००१ पासून वेगळी वाट धरली आहे. दहा दिवस पुरेल एवढी मात्रा जवळ असणे हा तिथे फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. माणसाला तिघांच्या एका मंडळासमोर नेतात आणि त्या मंडळात न्यायाधीशाचा झगा नसतो. पदार्थ बंदच आहे, विकणारा तुरुंगातच जातो. आपल्याकडे २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने अशाच दिशेची शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख आहेत. इतक्यांना पुरतील एवढे तुरुंगही नाहीत आणि एवढी केंद्रेही नाहीत. पण नवे बांधायचेच, तर काय बांधायचे हे ठरवता येते.

आमच्या धर्मग्रामातील त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. वकिलांना मी कलम ३९ ची प्रत दाखवली. त्यांनी ती चष्मा काढून वाचली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, 'फादर, एवढ्या वर्षांत हा अर्ज मी एकदाही केला नाही.' त्यांनी तो केला. न्यायाधीशांनी मुलाला दोनच प्रश्न विचारले, जायची तयारी आहे का, आणि घरी कोण कोण आहे. मुलगा शासनमान्य केंद्रात राहून आला. नाताळच्या आठवड्यात तो एकदा घसरला, तेव्हा त्याच्या आईने मला फोन केला आणि केंद्रालाही केला. पोलिसांना कळवावे असे कोणाला सुचले नाही. तो पुन्हा दाखल झाला. अहवाल न्यायालयात सादर करण्याची तारीख अजून दोन महिने पुढे आहे. अहवालात ती घसरण लिहायची की नाही, ह्यावर केंद्राच्या डॉक्टरांचे आणि वकिलांचे एकमत झालेले नाही. मुलगा म्हणतो, लिहा.